बागकामासाठी पहिला मिनी ट्रक घेताना: इंदूरच्या नव्या मंडळींसाठी

इंदुरात सध्या बागकामाला तोटा नाही. बायपासच्या बाजूला, निपानियाकडे, सुपर कॉरिडॉरवर नव्या टाऊनशिप उभ्या राहताहेत, आणि मनोरमागंज-साकेतच्या जुन्या बंगल्यांतल्या बागा नव्याने करून घेणारेही बरेच आहेत. दोन-तीन माळी, गवत कापायचं एक मशीन आणि गरजेपुरती भाड्याची लोडिंग रिक्षा, एवढ्यावर धंदा सुरू होतो. मग एक दिवस भाड्याचा हिशेब डोळ्यांत खुपतो आणि मंडळी देवास नाक्याच्या शोरूममध्ये जाऊन उभी राहतात. तिथला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती फुटी हवी?", म्हणजे हौदा किती फूट लांब, आणि इथूनच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. आपल्या कामात फूट नंतर येतात, आधी किलो.

हा लेख बोनेट नसलेल्या, सपाट तोंडाच्या गाड्यांबद्दल आहे: टाटा एस म्हणजे आपला छोटा हाथी, मारुती सुपर कॅरी, टाटा इन्ट्रा, अशोक लेलँड दोस्त, आणि थोडं वर गेलं की टाटाचे एलपीटी आणि आयशरचे प्रो मालिकेतले छोटे ट्रक. आयशर तर आपल्या पिथमपुरात बनतो, त्यामुळे सुटे भाग आणि मिस्त्री यांची इथे चणचण नाही.

पहिली पायरी: माल मोजा

वहीत चार ओळी लिहा: माती, खत, झाडं, आणि परत येताना निघणारा पालापाचोळा. समोर वजन आणि जागा. हे कागदावर आलं की निम्मा निर्णय झालाच म्हणून समजा.

मातीपासून सुरुवात करू, कारण फसगत तिथेच होते. कोरडी, भुसभुशीत माती घनफुटाला साधारण ३५ किलो भरते. तीच भिजली की ४५ ते ५०. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दुसराच आकडा धरायचा. आता छोट्या हाथीचा हौदा बघा. लांबी २२०० मिलिमीटर, रुंदी १४९०, फाळक्याची उंची ३००, म्हणजे जवळपास ३५ घनफूट. तो मातीने पट्टीपर्यंत भरला तर कोरडी माती १२०० किलोच्या वर जाते आणि ओली दीड टनाच्या पुढे. गाडीची क्षमता आहे साडेसातशे किलोच्या आसपास. म्हणजे ओल्या मातीने अर्धा हौदाही भरायचा नाही! मजुराला हे पटत नाही, कारण त्याला समोर रिकामी जागा दिसते. तो फावडं थांबवत नाही. म्हणून हौद्याच्या आतल्या बाजूला पक्क्या रंगाने एक आडवी रेघ मारून घ्या, माती इथपर्यंतच. खर्च जवळजवळ शून्य, आणि पाट्यांचं, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचं, आयुष्य वाढतं.

इन्ट्रा व्ही३० मध्येही हीच गत. हौदा सुमारे ६१ घनफुटांचा, क्षमता १३०० किलो. कोरडी मातीसुद्धा पट्टीभर घेतली तर दोन टनांच्या पुढे जाते.

आता उलट बाजू. कुजलेलं शेणखत घनफुटाला १५ ते २० किलो, त्यामुळे छोट्या हाथीत ते पट्टीभर भरलं तरी चालतं. कंपोस्टचंही साधारण तसंच, ओल किती आहे त्यावर थोडं इकडेतिकडे. ज्या शहरातल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली, त्या शहरात खताची वाहतूक जड जाऊ नये, आणि जातही नाही. कापलेलं गवत आणि फांद्या तर इतक्या हलक्या की गाडी भरली तरी पाटे दबत नाहीत. तिथे लागते उंची: जाळीच्या बाजू, वरून ताडपत्री.

पेव्हर ब्लॉक विसरू नका. बाग म्हटलं की पायवाट आलीच. ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक चौरस फुटाला जवळपास १३ किलो पडतात. शंभर चौरस फुटांची पायवाट म्हणजे पावणेतेराशे किलो, इन्ट्राची एक पूर्ण खेप. दिसायला मात्र हौद्याच्या तळाशी दोन-तीन थर. पाण्याची टाकीही तशीच. हजार लिटर म्हणजे हजार किलो, आणि वर वळणावर ते पाणी हिंदकळतं. छोट्या गाडीत पाचशे लिटरच्या वर जाऊ नका, आणि टाकी अर्धवट भरून फिरवू नका, पूर्ण भरा नाहीतर रिकामी ठेवा.

दुसरी पायरी: कोणता माल आपण नेणारच नाही, ते ठरवा

हजार चौरस फुटांच्या लॉनला चार इंच नवी माती टाकायची असेल तर ३३३ घनफूट लागते, म्हणजे कोरडीसुद्धा साडेअकरा टन. इन्ट्राच्या नऊ खेपा, छोट्या हाथीच्या पंधरा-सोळा. डिझेल, ड्रायव्हरचा दिवस आणि भरणाऱ्या-उतरवणाऱ्या मजुरांची मजुरी जोडून बघा. माती विकणारा ट्रॉली किंवा डंपरने दारात आणून ओततो, तिथे स्वतःची गाडी घालणं हा शुद्ध वेडेपणा आहे. तयार लॉनच्या तुकड्यांचंही तेच: एक इंच ओल्या मातीसकट हजार चौरस फूट लॉन पावणेचार-चार टनांच्या घरात जातं. नर्सरीवाल्याला पोहोच किंमत विचारा.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. नव्या माणसाने घाऊक माती भाड्याच्या टिपरवर सोडून द्यावी आणि स्वतःची गाडी रोजच्या कामासाठी घ्यावी: झाडं, खताची पोती, अवजारं, मशीन, कुंड्या, थोडी माती, थोडे ब्लॉक, आणि परतीचा पाला. या कामाला एक ते दीड टन क्षमतेची गाडी पुरते. टाटाच्या एलपीटी ४०७ सारखा ट्रक घ्यायचा तो धंदा वाढल्यावर, मोठ्या टाऊनशिपचं वार्षिक कंत्राट हातात आल्यावर. आधी नाही. घराच्या गल्लीत रात्री उभा करायलाच तुमची पंचाईत होईल.

तिसरी पायरी: सपाट तोंड का, आणि त्याची किंमत काय

बोनेट नसल्यामुळे गाडीची बरीचशी लांबी हौद्याला मिळते. छोटा हाथी एकूण ३.८ मीटर लांब, त्यातला २.२ मीटर हौदा. ड्रायव्हर अगदी पुढे बसतो, त्यामुळे नाकापुढची कुंडी, कुत्रं, गेटचा खांब दिसतो. रामबाग-नारायण बागेच्या जुन्या गल्ल्यांत किंवा सुदामा नगरच्या आखीव पण दोन्ही बाजूंनी कार लागलेल्या रस्त्यांवर हे सुख मोठं आहे. एसचा वळणाचा अर्धव्यास ४.३ मीटर, इन्ट्रा व्ही३० चा सव्वापाचच्या आसपास. ग्राहकाच्या फाटकातून एका दमात आत जाणं आणि तीनदा मागेपुढे करणं यातला फरक इथेच ठरतो.

तोटेही ऐका. छोट्या गाड्यांत इंजिन सीटखाली असतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना ते वरून नाही, खालून भाजतं. शोरूमवाला दहा मिनिटं फिरवून आणतो, त्यात हे कळत नाही. दुपारी दोन वाजता जा आणि अर्धा तास रहदारीत चालवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांहून जास्त ग्रॉस वजनाच्या (म्हणजे मालासकट कमाल वजनाच्या) ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. आपल्या कामाच्या छोट्या गाड्या त्यात बसत नाहीत, तिथे स्वतः पैसे मोजून एसी घ्यावा लागतो. माझ्या मते घ्यावा. ड्रायव्हर टिकतो.

दुसरं, समोरून धडक बसली तर मध्ये बोनेट नाही, पाय सर्वांत पुढे. सीट बेल्ट शोभेचा नाही. आणि तिसरं, रिकामी गाडी खड्ड्यात उडते. मागचा एक्सल मोकळा असतो, पाटे ताठ असतात.

केबिन झुकणाऱ्या मोठ्या गाडीत आणखी एक गोष्ट. इंजिन बघायला मिस्त्री अख्खी केबिन पुढे ओणवी करतो. त्याआधी आतलं सगळं बाहेर काढायचं: पाण्याची स्टीलची बाटली, सिकेटर, बियांचे डबे, डॅशबोर्डवरचे गणपती. नाहीतर ते सगळं एकाच वेळी काचेवर येऊन आदळतं.

चौथी पायरी: वजनाचे कायदे

कंटाळवाणं वाटेल, पण गाडी कोणती घ्यायची ते बरंचसं इथेच ठरतं.

ग्रॉस वजन म्हणजे गाडी, माल, माणसं, डिझेल सगळं धरून आरसीवर लिहिलेली कमाल मर्यादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार ३००० किलोपर्यंत ग्रॉस वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही. छोट्या मिनी ट्रकांची एवढी गर्दी या आकड्याच्या खाली का आहे, ते आता लक्षात येईल. हीच तुमची पहिली चाळणी. तीन टनांच्या आत राहिलात तर एक कागद आणि त्याची दरवेळची पळापळ वाचते. विमा, फिटनेस, पीयूसी, टॅक्स हे मात्र आहेच. नव्या मालगाडीचं फिटनेस पहिल्या आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी.

लायसन्सबद्दल जुन्या ड्रायव्हरांच्या मनात अजून गोंधळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स असलेला माणूस ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवू शकतो, वेगळा ट्रान्सपोर्टचा शेरा लागत नाही. म्हणजे कार चालवणारा तुमचा मुलगा किंवा पुतण्या इन्ट्रा चालवू शकतो. विमा कंपनी या मुद्द्यावर दावा अडवू लागली तर हा निकाल दाखवा.

ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये, वर जादा दर टनामागे २,०००, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. माल हौद्याच्या बाजूने, मागून किंवा ठरलेल्या उंचीबाहेर गेला तरी २०,०००. बागकामात हा दुसरा प्रकार जास्त घडतो. बाटलीपाम किंवा चाफ्याचं मोठं झाड आडवं टाकलं की शेंडा मागे चार फूट लोंबतो. तो हौद्यात तिरपा बसवायचा, मुळांचा गोळा केबिनकडे, शेंडा मागच्या कोपऱ्याकडे, आणि वरून हिरवी जाळी घट्ट. जाळी दंडासाठी नाही, वाऱ्यासाठी आहे. बायपासवर साठच्या वेगाने नेलेली कोवळी पानं पोहोचेपर्यंत करपतात आणि ग्राहक म्हणतो, रोप वाळकं दिलंत.

आणि माणसं. हौद्यात माळी बसवून नेणं सर्रास चालतं. आरसीवर जेवढ्या सीट लिहिल्या आहेत तेवढीच माणसं केबिनमध्ये, बाकीची दुचाकीवर किंवा रिक्षाने. अपघात झाला तर हौद्यातल्या माणसाच्या नुकसानभरपाईवरून विमा कंपनीशी भांडण ठरलेलं, आणि ते भांडण तुमच्या दारी येतं. सहा जणांची टोळी रोज न्यायची असेल तर सपाट तोंडाचा नाद सोडा आणि डबल केबिनची बोनेटवाली पिकअप बघा. हौद्यात माणसं बसवायचा मोह होतो, पण नाहीच.

पाचवी पायरी: इंधन

शहरातल्या शहरात, दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर, हलका माल: सीएनजी. इंदुरात पंप पुष्कळ आहेत. पण सिलिंडरचं वजन क्षमतेतून जातं. सुपर कॅरी पेट्रोलमध्ये ७४० किलो नेते, सीएनजीमध्ये ६२५. खताची अडीच पोती कमी, दर खेपेला.

डिझेल घ्यायचं ते ओढ हवी म्हणून आणि लांबच्या नर्सऱ्यांतून झाडं आणायची म्हणून. मात्र बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो साफ व्हायला इंजिन बराच वेळ सलग तापून चालावं लागतं. आपलं काम असं की दोन किलोमीटर गेलो, थांबलो, पुन्हा तीन किलोमीटर. फिल्टर भरतो, दिवा लागतो. दिवा लागला की दुर्लक्ष करू नका. आठवड्यातून एकदा बायपासवर लांब फेरी होईल असं काम लावून घ्या, देवासच्या बाजूची नर्सरी किंवा महूचा ग्राहक. मोठ्या गाड्यांत डीईएफ म्हणजे युरियाचं द्रावणही भरावं लागतं. तुमच्या गोदामातल्या शेतीच्या युरियाशी त्याचा संबंध नाही, तो युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओतायचा उपद्व्याप कोणी करू नये!

इलेक्ट्रिकमध्ये एस ईव्ही आहे. एकाच मोठ्या टाऊनशिपचं काम असेल आणि रात्री चार्जिंगची हक्काची जागा असेल तर विचार करा. बाकीच्यांनी थांबायला हरकत नाही.

सहावी पायरी: हौदा बांधून घेणं

सकाळी दारात येणारी महापालिकेची कचरागाडी एकदा जवळून बघा. ओला, सुका असे वेगळे कप्पे, बाहेरून उघडणारी दारं, मागे उचलला जाणारा हौदा. तेवढी भानगड नको, पण कप्प्यांची कल्पना उचलण्यासारखी आहे. हौद्यात आडवी, काढता-घालता येणारी एक लोखंडी पाटी बसवा. पुढे पोती आणि माती, मागे रोपं. मातीचा ढीग मागच्या टोकाला टाकला की पुढचं चाक हलकं होतं आणि स्टिअरिंग हातात तरंगतं. वजन मागच्या एक्सलच्या किंचित पुढे हवं.

बाजूच्या पट्ट्या उंच करताना भरीव पत्रा लावू नका, जाळी लावा. पाल्याला तेवढी पुरते. शिवाय भरीव उंच बाजू दिसल्या की माती तिथपर्यंत जाणारच. आणि बॉडीवाला हौसेने जाड लोखंड चढवतो, तेही वजनच आहे.

गवताच्या मशीनसाठी फळी ठेवा. हौदा जमिनीपासून अडीच फूट असेल तर आठ फुटी फळीवर साधारण अठरा अंशांचा चढ येतो, एक माणूस मशीन ढकलून वर नेऊ शकतो. पाच फुटी फळीवर तो तीस अंशांचा होतो आणि दोघं लागतात.

तळाला रबराची चादर. शेणखत आणि रासायनिक खत ओलसर राहिलं की पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत सडतो. शनिवारी हौदा धुवायचा, कोपऱ्यात पाणी साचू नये म्हणून भोकं मोकळी आहेत का ते बघायचं.

टिपर हवाच, असं काहींना वाटतं. काळ्या मातीचा ओला लोंदा हौदा उचलला तरी चिकटून बसतो आणि शेवटी फावड्यानेच काढावा लागतो, हे बघूनच पैसे घाला.

सातवी पायरी: भरून चालवा, मग काट्यावर न्या

रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे काहीच नाही. डेमो गाडीत खताची वीस पोती टाकून द्या म्हणावं. टाळाटाळ केली तर दुसरा डीलर. भरलेली गाडी खंडवा रस्त्याने सिमरोलच्या पुढे घाटात न्या. चढावर थांबा, हँडब्रेक लावा, पुन्हा उचला. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किती धरून ठेवतं ते बघा. कच्च्या प्लॉटवरही एकदा घाला. पावसाळ्यात काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि रिकामी गाडी जागच्या जागी फिरते. अशा वेळी मागच्या चाकांवर चार पोती आधी टाकून मग निघायचं. मागे जोडचाकं असलेला ट्रक चिखलात बरा, पण दोन टायरांच्या मध्ये गिट्टी अडकते. प्लॉटवरून रस्त्यावर येताना खाली उतरून ती काढा, बायपासवर ती मागच्याच्या काचेवर जाते.

हौदा बांधून झाला, अवजारं चढली, टाकी भरली की आरसीवरच्या सीटइतकी माणसं बसून सरळ धर्मकाट्यावर जा. पावती घ्या. आरसीवरच्या ग्रॉस वजनातून तो आकडा वजा केला की उरते ती तुमची खरी क्षमता. कंपनीच्या पत्रकापेक्षा ती बरीच कमी निघते: केबिनमधली माणसं, मशीन, फळी, जाळी, सगळं त्यात गेलेलं असतं. हाच आकडा ड्रायव्हरच्या दारावर आतून लिहा.

जुनी गाडी घेत असाल तर

पुढच्या टायरांची झीज एका बाजूला आहे का, पाट्यांतली एखादी पट्टी तुटलेली किंवा नवी आहे का, आणि चेसिसवर वेल्डिंग आहे का, एवढं तरी दिव्याच्या उजेडात खाली झोपून बघा. रेती-गिट्टी वाहिलेली गाडी रंगाने झाकता येते, पाट्यांनी नाही. कागदांत फिटनेसची तारीख, टॅक्स, थकलेली ई-चलानं आणि कर्जाचा बोजा. बँकेचं फॉर्म ३५ आणि एनओसी हातात आल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. एमपी-०९ ची गाडी सोपी. बाहेरच्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ चं ना-हरकत आधी मागा.

नवी घेणाऱ्यांसाठी एवढंच: २२ सप्टेंबर २०२५ पासून मालगाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, जुनं कोटेशन कोणी पुढे केलं तर परत द्या. तुम्ही स्वतः जीएसटीत नोंदलेले असाल आणि कंपोझिशन योजनेत नसाल तर मालगाडीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं. बिल धंद्याच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून घ्यायचं, नंतर दुरुस्त करत बसण्यापेक्षा बुकिंगच्या दिवशीच सांगायचं. पिवळी पाटी आणि विम्याचा कागद हातात आल्याशिवाय गाडी शोरूमबाहेर काढू नका, विक्रेता कितीही मुहूर्ताची घाई करो.